बाजारपेठ पाहायला चला : सांगली, मिरज आणि सातारा

परगावचे किंवा परदेशातले नातलग सुट्टीत घरी आले की यजमानांपुढे एक प्रश्न उभा राहतो : यांना दाखवावे काय? साताऱ्याच्या घरी महाबळेश्वर, कास, सज्जनगड ही नावे निघतात. सांगलीच्या घरी औदुंबर, नरसोबाची वाडी आणि आपल्या समाजात बाहुबलीचे दर्शन ठरलेले असते. ही स्थळे पाहावीत अशीच आहेत. मात्र पाहुणे ज्या गावात चार दिवस राहतात, त्या गावची बाजारपेठ त्यांना दाखवावी हे फारसे कोणाला सुचत नाही. पेठेत आपण पिशवी घेऊन जातो, सामान भरतो आणि परततो. तेथे पाहण्यासारखे काही असेल, हा विचार मनाला शिवत नाही.

बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे या दोन जिल्ह्यांतल्या शाखांत गेली. तारण मालाची तपासणी करण्यासाठी गोदामे, अडत दुकाने आणि शीतगृहे पायाखाली घालावी लागत. त्या अनुभवावरून वाटते की, आपल्या भागाची ओळख करून घ्यायची असेल तर बाजारपेठेसारखी दुसरी जागा नाही. एक शेतकरी आपले वर्षभराचे पीक अनोळखी दुकानाच्या फरशीवर ओततो आणि संध्याकाळी हिशेबाची पट्टी घेऊन घरी जातो. या दोन क्षणांच्या दरम्यान जे घडते, ते पाहण्यासाठी दोन दिवसांची सहल आखावी, एवढेच येथे सुचवायचे आहे.

गाव आणि बाजार

इंग्लंडमध्ये ‘मार्केट टाऊन’ असा गावांचा एक प्रकारच आहे. मध्ययुगात आठवड्याचा बाजार भरवण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळत असे आणि त्या हक्काभोवती गाव वाढत असे. लेस्टर शहरात आपल्या समाजाची मोठी वस्ती आहे. एका जुन्या चर्चच्या इमारतीत उभारलेल्या तेथील जिनमंदिराची प्रतिष्ठा १९८८ साली झाली. त्या शहराजवळच मार्केट हार्बरो नावाचे असे एक गाव आहे. तेथे १६१४ साली बांधलेली शाळेची लाकडी इमारत खांबांवर उभी आहे. वर मुले शिकत आणि खालच्या मोकळ्या जागेत लोण्याचा बाजार भरे. शाळा दुसरीकडे गेली, लोण्याचा बाजार उठला. पण इमारत गावाने जपली आणि बाहेरगावचे लोक ती मुद्दाम पाहायला जातात.

आपल्याकडेही पेठ अशीच वसवली जाई. नवी पेठ वसवताना राज्यकर्ते व्यापाऱ्यांना कौल देत, ठरावीक वर्षे करांत सूट देत आणि बाजाराच्या व्यवस्थेसाठी शेटे-महाजन नेमत. छत्रपती शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सातारा शहर वसवले. तेथील मंगळवार, बुधवार, गुरुवार, शनिवार या पेठांची नावे आजही पत्त्यावर लिहिली जातात. पुढे प्रतापसिंह महाराजांच्या नावाने प्रतापगंज पेठ झाली. सांगली त्या मानाने तरुण. १८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी कृष्णाकाठच्या या लहान गावाला राजधानी केले. सहा गल्ल्यांचे गाव म्हणून सांगली, अशी नावाची एक लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. त्या सहा गल्ल्यांची पुढे देशभर नाव असलेली हळदीची पेठ झाली.

पहिली सकाळ : हळदीचा सौदा

सहलीची सुरुवात सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातून करावी. हळद पाहायची तर फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम. अक्षय तृतीयेच्या सुमारास लावलेले पीक साधारण नऊ महिन्यांनी काढतात. ते शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात येऊ लागते ते याच सुमारास. पाच क्विंटल ओल्या हळदीपासून वाळलेली हळद जेमतेम एक क्विंटल मिळते, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. म्हणजे पुढे दिसणाऱ्या प्रत्येक पोत्यामागचे कष्ट त्यांच्या लक्षात येतील.

सौद्याची वेळ आदल्या दिवशी एखाद्या अडत दुकानात विचारून घ्यावी. दुकानात शिरताना मालकांची परवानगी घ्यावी. सहसा कोणी नाही म्हणत नाही. मुले बरोबर असतील तर चहासुद्धा येतो! दुकानाच्या फरशीवर ढीग मांडलेले असतात. हळकुंड वेगळे, गड्डा वेगळा. खरेदीदार ढिगात हात घालतो, एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. नीट वाळलेले हळकुंड कडक आवाज करून तुटते. आतला रंग केशरी-पिवळा आणि एकसारखा दिसतो. कच्चे राहिलेले हळकुंड वाकते, लवकर तुटत नाही. चार-दोन हळकुंडे मोडून, वास घेऊन माणूस भाव बोलतो. वर्षभराच्या कष्टाचे मोल अर्ध्या मिनिटात ठरते.

हा भाव सर्वांसमक्ष बोलला जातो, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. पूर्वी अनेक बाजारांत अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा असे आणि त्याला काहीच कळत नसे. नियंत्रित बाजाराच्या कायद्यांनी हा रुमाल दूर केला. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३ चा आहे. बाजार समित्यांच्या कारभारावर टीका खूप होते आणि तिच्यात तथ्यही असते. तरीही उघड बोली, तपासलेला काटा आणि लेखी पट्टी या तीन गोष्टी शेतकऱ्याच्या पदरात पडल्या, त्या याच वाटेने. शक्य झाल्यास एखादी पट्टी मुलांना वाचायला द्यावी. वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेवटी हाती पडणारी रक्कम. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात जे चार प्रकरणांत येते, ते त्या अर्ध्या पानावर असते.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बेदाण्याचे सौदे सांगलीत आणि तासगावात होतात. वेळ असल्यास तासगावच्या वाटेवर बेदाण्याचे एखादे शेड पाहावे. द्राक्षांचे घड द्रावणात बुडवून जाळीच्या मजल्यांवर पसरतात आणि सावलीत, वाहत्या वाऱ्यावर ते साधारण पंधरा दिवसांत वाळतात. तासगावला जाणार असाल तर तेथील गणपती मंदिराचे उंच गोपुर पाहायला विसरू नये. आपल्या भागात असे दाक्षिणात्य वळणाचे गोपुर विरळाच.

परतताना एक किलो हळकुंडे विकत घ्यावीत आणि घरी दळून घ्यावीत. हळदीसंबंधी आपल्या घरातली मुले एक प्रश्न हमखास विचारतात : कंदमुळे वर्ज्य, तर हळद कशी चालते? ओली हळद अनंतकाय म्हणून वर्ज्य आणि वाळलेली हळद सुंठीप्रमाणे ग्राह्य, हे उत्तर आपण त्यांना घरी देतोच. ओला कंद वाळून हळकुंड कसा होतो हे एकदा पाहिले की, त्या उत्तराला आणखी काही जोडावे लागत नाही.

हरिपूरची पेवे

सांगलीपासून चारेक किलोमीटरवर हरिपूर आहे. कृष्णा आणि वारणा यांचा येथे संगम होतो. काठावर संगमेश्वराचे जुने मंदिर आहे. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. बहुतेक लोक संगम पाहतात, फोटो काढतात आणि परततात. जमिनीखाली काय आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

हरिपूरची माती अशी की, तीत खोल खड्डा खणला तरी तो ढासळत नाही आणि ओल धरत नाही. त्या मातीत हळद साठवण्यासाठी पेवे खणली गेली. पेवाचे तोंड माणूस उतरेल इतके अरुंद आणि पोट रांजणासारखे रुंद असते. तळाला आणि कडेने पाल्याचे अस्तर द्यायचे, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. आत हवा राहत नाही, त्यामुळे कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते; तिचा रंग खुलतो, असे जुने व्यापारी सांगतात. विजेचे बिल नाही, औषधाची फवारणी नाही. पेव उघडल्यावर मात्र कोणी लगेच आत उतरत नाही. आतल्या हवेत प्राणवायू नसतो, म्हणून ते बराच वेळ उघडे ठेवावे लागते. मुलांना तेथे नेताना ही खबरदारी मोठ्यांनी घ्यावी आणि माहितगार माणसाशिवाय कोठेही वाकून पाहू नये.

बँकेच्या माणसाला पेवांचे कौतुक आणखी एका कारणाने वाटते. गोदामात ठेवलेला माल आम्ही मोजत असू, कुलूप लावत असू, दारावर बँकेची पाटी लावत असू आणि तरीही महिन्याच्या महिन्याला तपासणीला जात असू. पेवातला माल वरून दिसतसुद्धा नाही. वर सपाट माती, कदाचित तिच्यावर एखादे गवताचे पातेही उगवलेले. तो माल कोणाचा, किती आणि कोणत्या वर्षीचा, हे पेवाच्या मालकाच्या वहीत आणि माल ठेवणाऱ्याच्या पावतीवर. त्या कागदाच्या भरवशावर, माल जागचा न हलवता, त्याची मालकी बदलू शकत असे. सांगलीत हळदीच्या वायद्याची मान्यताप्राप्त संस्था होती, ती अशाच वातावरणात रुजली. आज गोदाम पावतीवर कर्ज देण्याची योजना आपण आधुनिक मानतो. तिचे मूळ तत्त्व हरिपूरच्या मातीत फार आधीपासून पुरलेले होते.

ही पेवे आता झपाट्याने कमी होत आहेत. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले, आतला माल कुजला आणि व्यापाऱ्यांचा भरवसा उडाला. त्यातच गोदामे आणि शीतगृहे वाढली, गाव वाढले, जमिनीचे भाव वाढले. पेव बुजवून वर घर बांधणे हा मालकाच्या दृष्टीने शहाणपणाचाच निर्णय ठरतो आणि त्याला दोष देता येणार नाही. परंतु इंग्लंडातल्या त्या गावाने लोण्याच्या बाजाराचे छत राखले, तसे निदान दोन-चार पेवे राखून, शेजारी एक माहितीफलक लावून, ती पाहुण्यांना दाखवता येतील. हे काम सरकारनेच करावे असे नाही. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी या पेवांत माल ठेवून प्रपंच उभे केले, अशी कुटुंबे सांगलीत आहेत आणि त्यांत आपलीही आहेत.

दुपार आणि संध्याकाळ : पेठ, पूल आणि मिरज

दुपारच्या जेवणानंतर गणपती पेठेतून पायी फिरावे. गणपती मंदिर चिंतामणरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधवून घेतले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी त्यांच्याच आश्रयाने सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. पेठेत किराणा, गूळ, मसाले, भांडी यांची घाऊक दुकाने खेटून उभी आहेत. भडंग येथलेच घ्यावे. मात्र त्यात लसूण असतो, तेव्हा आपल्या घरांसाठी बिनलसणीचे आहे का हे आधी विचारून घ्यावे. मागणी असल्याने अनेक दुकानांत ते वेगळे ठेवलेले असते.

पेठेतून आयर्विन पुलाकडे जावे. हा पूल १९२९ साली वाहतुकीस खुला झाला आणि तत्कालीन व्हाइसरॉयचे नाव त्याला मिळाले. पावसाळ्यात सारी सांगली या पुलापाशी पाण्याची पातळी किती झाली, याकडे डोळे लावून असते. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २००५ मध्ये ही पातळी धोक्याच्या कितीतरी वर गेली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तर ती ५७ फुटांच्याही पुढे पोहोचली. पेठेतल्या अनेक दुकानदारांनी त्या पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर तशीच ठेवली आहे. ती मुलांना जरूर दाखवावी आणि त्यांची उंची त्या रेघेशी लावून पाहावी.

त्या पुरानंतर एका परिचित व्यापाऱ्यांच्या घरी गेलो होतो. गच्चीवर माल वाळत घातला असेल, असे वाटले होते. प्रत्यक्षात तेथे वह्या वाळत होत्या. त्यांच्या आजोबांच्या काळातल्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या, काही पाने मोडी लिपीतली. ते म्हणाले, “माल गेला तो विम्यात थोडाफार येईल. या वहीत कोणाचे किती देणे होते आणि ते आम्ही केव्हा फेडले, ते आहे. याचा विमा कोण देणार?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. बँकेत आम्ही माणसाची पत आकड्यांवरून ठरवीत असू. या गृहस्थांच्या घराण्याची पत त्या ओल्या पानांत होती आणि ती आता शाईसकट विरघळत होती.

सायंकाळी मिरज गाठावी. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्याला सूर्यास्तापूर्वी जेवायचे असते, म्हणून निघण्यापूर्वीच सांगलीत भोजन उरकावे किंवा शिदोरी बरोबर ठेवावी. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंतुवाद्ये घडवणारी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. लढाया संपल्या, तलवारीला गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हातातले कसब तंबोरा आणि सतार घडवण्याकडे वळवले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे येथे येतात, वाळतात आणि त्यांचे तंबोरे होऊन देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जवळच मीरासाहेबांचा दर्गा आहे. तेथे १९३७ साली निवर्तलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि दरवर्षी उरुसात गायक तेथे येऊन सेवा रुजू करतात. मागणी संपली म्हणून कसब टाकून न देता त्याला नवे काम शोधणे, हे व्यापारी घरातल्या मुलांनी या गल्लीतून शिकण्यासारखे आहे.

दुसरा दिवस : साताऱ्याकडे

दुसऱ्या दिवशी रेल्वेने साताऱ्याकडे निघावे. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना उभारला आणि तेथून लोखंडी नांगर गावोगाव गेला. हा नांगर शेतकऱ्यांना विकण्याचे काम काही काळ एका तरुणाने केले, हे अनेकांना ठाऊक नसते. तो तरुण म्हणजे कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील. पुढे ते साताऱ्याच्या कूपर कारखान्याशीही जोडले गेले. विक्रीच्या निमित्ताने खेड्यापाड्यांत फिरताना त्यांना काय दिसले असेल याची कल्पना करता येते. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह त्यांनी सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला भेट दिली.

साताऱ्यात राजवाडा, मोती चौक, जुन्या पेठा पाहाव्यात, कंदी पेढे घ्यावेत. दूध आटवून केलेला खवा खरपूस भाजल्यामुळे हा पेढा टिकतो, म्हणून प्रवासात न्यायला सोयीचा. सायंकाळच्या आत अजिंक्यताऱ्यावर चढून खाली पाहिले तर साऱ्या पेठा नकाशासारख्या दिसतात. आणि मग कर्मवीरांच्या समाधीपाशी थोडा वेळ थांबावे. वसतिगृहातल्या मुलांच्या अन्नासाठी पैसे उरले नाहीत, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकिकत आपण शाळेत वाचलेली असते. बाजारपेठा पाहून आल्यावर ती वेगळी वाटते. तारण म्हणजे काय, हे मी नोकरीत असंख्य फॉर्मवर लिहिले. कोणत्याही परताव्याची हमी नसताना दुसऱ्यांच्या मुलांसाठी दिलेले तारण कोणत्या रकान्यात लिहायचे, हे मात्र कोणत्याही फॉर्मवर नव्हते.

जाण्यापूर्वी थोडे

या सहलीला फार खर्च नाही. दोन दिवस, रेल्वेचे तिकीट, एक मुक्काम. बाजाराच्या सुट्टीचे वार आणि अमावास्या टाळावी. सौदा चालू असताना मध्ये बोलू नये. संपल्यावर व्यापारी मोकळेपणाने सांगतात. हमालबांधवांशीही बोलावे, मालाची पारख त्यांना अनेकदा मालकाहून अधिक असते. फोटो काढण्यापूर्वी विचारावे.

आणि एक काम घरी बसून करता येईल. वाचकांपैकी अनेकांच्या माळ्यावर, लोखंडी पेटीत, जुन्या दुकानाच्या फडताळात वडिलोपार्जित चोपड्या, हुंड्या, पेवांच्या पावत्या, सौद्याच्या पट्ट्या पडून असतील. रद्दीवाला त्यांचे वजन करील. मजकूर वाचणार नाही. या दिवाळीत नव्या वहीचे पूजन करण्यापूर्वी एक जुनी वही उघडून पाहावी. मोडी वाचणारे कोणी वडीलधारे असतील तर त्यांच्याकडून दोन पाने वाचून घ्यावीत, मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि नातवंडांना शेजारी बसवावे. पुढच्या पावसाळ्यात कृष्णेचे पाणी कोठपर्यंत येईल, हे आपल्या हातात नाही. वही माळ्यावरच्या उंच फळीवर ठेवणे आहे.